कॅन्सरची पेशी ऊर्जा कशी मिळवते: समजून घेताना या चुका टाळा

घरात कुणाला कॅन्सरचं निदान झालं की आठवड्याभरात स्वयंपाकघर बदलतं. साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, भात बंद होतो, फळं बंद होतात आणि रुग्णापुढे कारल्याच्या रसाचा पेला येतो. यामागे बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर आलेला एक संदेश असतो: 'कॅन्सरची पेशी फक्त साखरेवर जगते, साखर तोडा, ती उपाशी मरेल.' हा संदेश सपशेल खोटा असता तर खोडून काढणं सोपं होतं. त्यात शंभर वर्षांपूर्वीच्या एका खऱ्या निरीक्षणाचा तुकडा आहे, म्हणून चांगली शिकलेली माणसंही त्यावर विश्वास ठेवतात.

मी जीवरसायनशास्त्र शिकवते. ओळखीपाळखीतून येणाऱ्या फोनांत फिरून फिरून हेच प्रश्न असतात, आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी एकच गैरसमज सापडतो: सगळ्या कॅन्सरच्या पेशी सारख्याच वागतात. मूत्रपिंडातली गाठ, प्रोस्टेटमधली गाठ आणि रक्ताचा कॅन्सर यांची ऊर्जा मिळवायची रीत वेगवेगळी असते, काही वेळा तर एकमेकींच्या उलट असते. हे लक्षात न घेतल्यामुळे जेवणात, तपासणीत आणि औषधांत ज्या चुका होतात, त्यांबद्दल हे लिहिते आहे.

चूक १: वॉरबुर्ग यांचं अर्धंच ऐकणं

१९२०च्या दशकात बर्लिनमध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ ऑटो वॉरबुर्ग उंदरांच्या गाठींचे पातळ काप घेऊन ते किती ऑक्सिजन वापरतात आणि किती लॅक्टिक आम्ल सोडतात, हे मोजत होते. दहावीच्या विज्ञानात क्रेब चक्र, म्हणजे पेशीत इंधन जाळणाऱ्या रासायनिक क्रियांची साखळी, शिकलेल्यांना पुढचा भाग आठवेल. ऑक्सिजन असला की बहुतेक निरोगी पेशी ग्लुकोज तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियामध्ये, पूर्णपणे जाळतात आणि एका रेणूमागे साधारण ३० ते ३२ एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, मिळवतात. जुन्या पुस्तकांत हाच आकडा ३६ किंवा ३८ दिलेला असतो. ऑक्सिजन कमी पडला की काम ग्लुकोज-विघटनापाशीच थांबतं, हाती फक्त २ एटीपी लागतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. वॉरबुर्ग यांना दिसलं ते असं की गाठीच्या पेशी ऑक्सिजन भरपूर असतानाही ग्लुकोज अर्धवट तोडून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकत होत्या.

निरीक्षण पक्कं होतं. त्यावरून त्यांनी जे अनुमान काढलं, की तंतुकणिका कायमच्या बिघडतात आणि त्यातूनच कॅन्सर होतो, ते मात्र बहुतेक कॅन्सरना लागू पडत नाही. १९५६मध्येही ते हेच मांडत होते. संदेशांमध्ये आणखी एक भर असते: 'याच शोधाला नोबेल मिळालं.' वॉरबुर्ग यांना १९३१मध्ये नोबेल मिळालं ते पेशीच्या श्वसनातल्या विकराच्या (एन्झाइमच्या) शोधासाठी. कॅन्सरचं कारण सापडलं म्हणून नव्हे.

मग ही पेशी इतकं ग्लुकोज 'वाया' का घालवते? भराभर विभागणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा मालही लागतो. ग्लुकोज तोडण्याच्या वाटेवरच डीएनएसाठी लागणारी रायबोज शर्करा, काही अमिनो आम्लं आणि पेशीच्या आवरणासाठी लागणारे मेदघटक यांना फाटे फुटतात. सगळं ग्लुकोज जाळून टाकलं तर दुसरी पेशी बांधायची कशातून?

शिवाय तंतुकणिका बंद असतात हेही प्रत्यक्ष रुग्णांत खरं ठरलं नाही. अमेरिकेत डॅलसच्या टेक्सास विद्यापीठाच्या साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रात रॉल्फ डीबेरार्डिनिस यांच्या गटाने फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना शस्त्रक्रियेदरम्यान खुणेचा कार्बन असलेलं ग्लुकोज शिरेतून दिलं. गाठ काढल्यावर तो कार्बन कुठे पोचला ते तपासलं. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात गाठींनी शेजारच्या निरोगी फुप्फुसापेक्षा जास्त ग्लुकोज तंतुकणिकांमध्ये जाळलेलं आढळलं. एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांत इंधनाची निवड वेगळी होती. पुढच्या वर्षीच्या कामात तर काही गाठी रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचंच रूप, उचलून तेच इंधन म्हणून वापरताना दिसल्या. वॉरबुर्ग यांनी ज्याला टाकाऊ मानलं, तेच.

चूक २: सगळ्या गाठींना एकच नियम लावणं

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

मूत्रपिंडाचा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर 'क्लिअर सेल' प्रकारचा असतो. त्यात बहुतेक वेळा तिसऱ्या गुणसूत्रावरचं व्हीएचएल जनुक निकामी झालेलं असतं. या जनुकाचं काम एचआयएफ नावाचं प्रथिन वेळच्या वेळी नष्ट करायचं. ते थांबलं की ऑक्सिजन पुरेसा असूनही पेशी ऑक्सिजन संपल्यासारखी वागते: ग्लुकोज ओढते, अर्धवट तोडते, नव्या रक्तवाहिन्या मागवते. ऑक्सिजन ओळखण्याची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चं नोबेल मिळालं. या पेशी मेद आणि ग्लायकोजेन साठवतात. काचपट्टी तयार करताना ते विरघळून जातं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रिकाम्या, पारदर्शक दिसतात. वॉरबुर्ग यांच्या वर्णनाशी सगळ्यात जुळणारी गाठ कुठली, तर ही. तरीही याच कॅन्सरच्या शरीरात इतरत्र पसरलेल्या गाठींत तंतुकणिका पुन्हा जोमाने कामाला लागलेल्या दिसल्या आहेत.

आता प्रोस्टेट बघा. निरोगी प्रोस्टेटची पेशी मुळातच वेगळी आहे. ती स्वतःत झिंक साठवते. हे झिंक क्रेब चक्रातलं अॅकोनिटेज नावाचं विकर अडवून धरतं, त्यामुळे चक्र सायट्रेटपाशी अडकतं आणि ते सायट्रेट वीर्यात सोडलं जातं. म्हणजे ऊर्जेच्या दृष्टीने तोट्याचा धंदा निरोगी पेशीच करत असते. कॅन्सर होताना पेशीतलं झिंक घटतं, अडसर निघतो, क्रेब चक्र पूर्ण फिरू लागतं आणि पेशीला जास्त ऊर्जा मिळू लागते. सुरुवातीच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये तंतुकणिका निरोगी अवस्थेपेक्षा जास्त राबतात आणि मेदाम्लंही मोठ्या प्रमाणावर जाळली जातात. एमआरआयच्या स्पेक्ट्रोस्कोपी तपासणीत गाठीच्या जागी सायट्रेट घटलेलं दिसतं ते म्हणूनच. वॉरबुर्ग यांच्या चित्राच्या अगदी उलट चित्र. मग 'झिंक कमी झालं, तर गोळ्या द्यायच्या का?' असं विचारलं जातं. पेशीवरचा झिंक आत घेणारा वाहकच कमी झालेला असतो, त्यामुळे गोळ्यांनी तो खड्डा भरेल असं मानायला आधार नाही.

स्वादुपिंडाची गाठ आणखी निराळी. तिच्याभोवती तंतूंचं दाट जाळं असतं, रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. या पेशी आसपासच्या द्रवातली प्रथिनं घोटाघोटाने आत घेतात, पचवतात आणि त्यातल्या अमिनो आम्लांवर गुजराण करतात. मेंदूतल्या काही गाठी ग्लुकोजबरोबर अॅसिटेटही जाळतात. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आजार पुन्हा उद्भवायला कारण ठरणाऱ्या मूळ पेशी तंतुकणिकांवर फार अवलंबून असतात आणि अमिनो आम्लांतून ऊर्जा काढतात. काही गाठी, उदाहरणार्थ मूत्रपिंडातली ऑन्कोसायटोमा ही सौम्य गाठ, तंतुकणिकांनी अक्षरशः गच्च भरलेल्या असतात, पण त्यातल्या बऱ्याच सदोष असतात.

आणि खरोखर बिघडलेल्या तंतुकणिकांपासून सुरू होणारे कॅन्सरही आहेत, थोडे. क्रेब चक्रातल्या एसडीएच किंवा फ्युमरेट हायड्रेटेज या विकरांची जनुकं आनुवंशिकतेने सदोष असलेल्या घराण्यांत पॅरागँग्लिओमा (मज्जापेशींच्या पुंजक्यांजवळच्या गाठी) किंवा मूत्रपिंडाच्या विशिष्ट गाठी होतात. तिथे वॉरबुर्ग यांचं अनुमान बऱ्यापैकी खरं ठरतं. अशा निदानात भावंडांची आणि मुलांची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

चूक ३: पेट स्कॅनमध्ये 'चमकलं' म्हणजे कॅन्सर, 'नाही चमकलं' म्हणजे सुटलो

गाठी ग्लुकोज ओढतात याचा सर्वांत मोठा उपयोग पेट स्कॅनमध्ये झाला. फ्लोरिन-१८ जोडलेलं ग्लुकोज, म्हणजे एफडीजी, शिरेतून देतात. पेशी ते आत घेते, त्यावर फॉस्फेट चढवते आणि मग ते पुढे तुटत नाही, आतच अडकून राहतं. जिथे जास्त अडकलं ती जागा चित्रात उठून दिसते. भारतात ही सोय पहिल्यांदा २००२मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संस्थेत, सुरू झाली. आज महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत ती आहे, पण रिपोर्ट वाचताना होणाऱ्या चुका कायम आहेत.

प्रोस्टेटचा कॅन्सर एफडीजीवर बरेचदा फिका दिसतो. का, ते वर आलंच. त्यासाठी पीएसएमए पेट ही वेगळी तपासणी आहे. हळू वाढणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींसाठी डोटाटेट पेट करतात. यकृताच्या काही कॅन्सरमध्ये पेशी फॉस्फेट पुन्हा काढून टाकते आणि एफडीजी निसटून जातं. स्तनाचा लोब्युलर प्रकार, श्लेष्मा भरलेल्या गाठी आणि सेंटीमीटरपेक्षा लहान गाठीही हुकू शकतात. मेंदू स्वतःच इतकं ग्लुकोज वापरतो की त्यातली गाठ पार्श्वभूमीत हरवते. उलट तोंडाच्या कॅन्सरसारख्या स्क्वॅमस गाठी सहसा ठळक दिसतात.

आपल्याकडे उलट बाजूची चूक जास्त घात करते. क्षयाच्या गाठीही जोरात चमकतात, कारण जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही ग्लुकोज ओढतात. छातीतल्या लसीका ग्रंथी चमकल्या की नातेवाईक 'पसरला' म्हणून हातपाय गाळतात. बायोप्सीशिवाय तो निष्कर्ष काढू नका. पूर्वी क्षय झालेला असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, दंडावर लस घेतली असेल, पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन चालू असेल, तर ते स्कॅनच्या आधी सांगा. डोकं-मानेच्या रेडिएशननंतर साधारण १२ आठवडे थांबून पेट करतात. घाईने केलं तर सूजच चमकते.

तयारीत काय चुकतं? रुग्ण 'उपाशी' येतो, पण वाटेत साखरेचा चहा झालेला असतो, किंवा रात्रीच्या सलाइनमध्ये डेक्स्ट्रोज असतं, किंवा खोकल्याचं गोड औषध घेतलेलं असतं. साधारण ४ ते ६ तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं. रक्तातली साखर २००च्या वर असेल तर बहुतेक केंद्रं तपासणी पुढे ढकलतात, कारण साधं ग्लुकोज एफडीजीशी स्पर्धा करतं. ती साखर उतरवायला ऐनवेळी इन्सुलिन घेतलं तर एफडीजी स्नायूंत शिरतं आणि चित्र बिघडतं. मधुमेह असेल तर वेळ ठरवतानाच सांगा. मेटफॉर्मिनमुळे आतडी चमकतात, म्हणून ते कधी थांबवायचं हे केंद्राला विचारा. आदल्या दिवशी जिना चढण्याची शर्यत, जड व्यायाम नको. एसीत कुडकुडू नका, शाल न्या. थंडीने मानेजवळचा तपकिरी मेद जागा होतो आणि तोही चमकतो. फ्लोरिन-१८चं प्रमाण ११० मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे दोन तास उशिरा पोचलात तर तुमच्या नावाचा डोस निम्म्याहून कमी उरलेला असतो.

चूक ४: साखर तोडता तोडता जेवणच तोडणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक.

मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. खाणं बंद केलं तरी ते शून्यावर येत नाही. यकृत ते बनवत राहतं, आणि त्यासाठी अमिनो आम्लं येतात स्नायू मोडून. गाठीने सोडलेलं लॅक्टेटही यकृत पुन्हा ग्लुकोजमध्ये बदलतं आणि त्यात रुग्णाची स्वतःची ऊर्जा खर्च होते. हे चक्र उलगडणाऱ्या कार्ल आणि गर्टी कोरी यांना १९४७मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा भात-पोळी बंद केल्याने गाठ उपाशी पडत नाही, रुग्णाच्या मांड्या आणि दंड झिजतात. वजन घटलेल्या रुग्णाला केमो सोसत नाही, डोस कमी करावे लागतात, उपचार लांबतात.

कॅन्सर रुग्णांच्या पोषणासाठी युरोपीय तज्ज्ञांची शिफारस आहे दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि किमान १, जमल्यास १.५ ग्रॅम प्रथिनं. ५० किलोच्या बाईला म्हणजे १२५० ते १५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, वाटीभर घट्ट वरणात जवळपास तेवढीच. कारल्याच्या रसावर हा हिशोब बसणं शक्य नाही. तूप घातलेली मऊ मुगाची खिचडी, दही, पनीर, शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी, नाचणीची आंबील, मांसाहार चालत असेल तर उकडलेलं अंडं, मासळी. तोंड आलं असेल तर तिखट नको, गार आणि पातळ द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांकडून घ्या. सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका.

पेढे-जिलेबी रोज खा असं कुणी म्हणत नाही. मधुमेह ताब्यात ठेवायलाच हवा, आणि लठ्ठपणाने अनेक कॅन्सरचा धोका वाढतो हेही खरं. पण प्रतिबंधासाठीचा सल्ला आणि खंगत चाललेल्या रुग्णाचं ताट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कीटो आहाराबद्दलही, म्हणजे भात-पोळी-साखर जवळजवळ बंद करून मेदावर भर देण्याबद्दलही, प्रश्न तोच: कुठला कॅन्सर, कुठल्या औषधाबरोबर? २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत एका विशिष्ट गटाच्या औषधाबरोबर कीटोने फायदा दाखवला, कारण इन्सुलिन कमी राहिलं. त्याच अभ्यासात औषधाविना नुसता कीटो दिलेल्या उंदरांत ल्युकेमिया उलट वेगाने वाढला.

चूक ५: अल्कली पाणी आणि अँटिऑक्सिडंट

'कॅन्सर आम्लात वाढतो, अल्कली पाणी प्या' असंही सांगितलं जातं. गाठीभोवती आम्लता असते, पण ही गाठीने बाहेर टाकलेल्या आम्लाची खूण आहे. रक्ताचा सामू (पीएच) फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५मध्ये धरून ठेवतात. महागड्या पाण्याने तो हलत नाही. खायचा सोडा रोज चमचाभर घेतला तर मात्र हलू शकतो, आणि ते धोक्याचं असतं.

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत, १९९४मध्ये, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतल्या सिलेक्ट चाचणीत व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढला. ऊर्जा बनवताना तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजनकणांचा त्रास गाठीच्या पेशीलाही होतो. गोळी तिलाही वाचवू शकते. गाजर खा. गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत.

चूक ६: प्रयोगशाळेतला निकाल थेट रुग्णाला लावणं

हे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी. पेशी वाढवायच्या नेहमीच्या माध्यमात लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. रक्ततपासणीच्या भाषेत ४५० मिलिग्रॅम; एवढी साखर निघाली तर माणसाला तातडीने दवाखान्यात नेतात. त्यात वरून हवेतला २१ टक्के ऑक्सिजन. अशा सुकाळात कुठलीही पेशी ग्लुकोज उधळेल. तंतुकणिकांवर काम करणारं औषध तपासायचं असेल तर ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज देऊन पाहा, निकाल बदलतो का बघा. एमटीटी चाचणी पेशीची चयापचयाची हालचाल मोजते. औषधाने ती मंदावली म्हणजे पेशी मेल्या असं नाही, त्या वेगळ्या मोजा.

चूक ७: 'ऊर्जा तोडणारं औषध' सगळ्यांना चालेल असं समजणं

मेटफॉर्मिन स्वस्त, ओळखीचं, तंतुकणिकांवर परिणाम करणारं. म्हणून मधुमेह नसलेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या ३६४९ स्तन कॅन्सर रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली. २०२२मध्ये निकाल आला: कॅन्सर पुन्हा उद्भवण्याविरुद्ध फायदा नाही. मधुमेहासाठी ते चालू असेल तर चालू ठेवा, कॅन्सरसाठी स्वतःहून सुरू करू नका. तंतुकणिका जोरात रोखणाऱ्या आयएसीएस-०१०७५९ या औषधाची चाचणी तर मज्जातंतूंना होणाऱ्या इजेमुळे आणि रक्तात लॅक्टेट वाढल्यामुळे सोडून द्यावी लागली. निरोगी मज्जातंतूही त्याच ऊर्जेवर चालतात.

यश आलं ते एका विशिष्ट कॅन्सरची विशिष्ट गरज ओळखल्यावर. लहान मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींना अॅस्परजिन हे अमिनो आम्ल स्वतः पुरेसं बनवता येत नाही. रक्तातलं अॅस्परजिन तोडणारं अॅस्परजिनेज अनेक दशकं त्या मुलांच्या उपचाराचा भाग आहे. मेंदूच्या काही ग्लायोमामध्ये आणि काही मायलॉइड ल्युकेमियामध्ये आयडीएच या विकराच्या जनुकात बदल होतो आणि ते नको असलेला पदार्थ बनवू लागतं. त्याला अडवणारं आयव्होसिडेनिब २०१८मध्ये अमेरिकेत ल्युकेमियासाठी मंजूर झालं, आणि कमी श्रेणीच्या ग्लायोमासाठी व्होरासिडेनिब २०२४मध्ये.

अशी गाठ असेल तर आयडीएचची तपासणी झाली आहे का, ते पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये शोधा. नसेल तर डॉक्टरांना विचारा. ग्लायोमात त्यासाठी पुन्हा ऑपरेशन सहसा लागत नाही. काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला ब्लॉक रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात असतो आणि दुसरीकडे तपासणीसाठी तो अर्ज करून मागता येतो.